नात्याचा रकाना

“महिन्याभरात उरकायला बाळंतपण म्हणजे काय बिर्याणी आहे? दम दिला की झाली?”

माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं. इतक्या जवळून, की बडीशेपेचा वास आला. मी वळून पाहिलं. काळा बुरखा, हातात मोबाइल, आणि मोबाइलकडे असं बघणं, की त्यातून आत्ता कुणी बाहेर आला असता तर त्याची खैर नव्हती.

“माझी सून सातव्यात आहे,” ती मला म्हणाली, जणू आम्ही जन्माच्या शेजारणी. “तिची आई रत्नागिरीहून यायची होती. आता नवा कायदा येणार म्हणे. व्हिजिट व्हिसा एकच महिना, वाढवून मिळायचा नाही. मग सव्वा महिन्याचं काय? वरचा पाव महिना बाळंतिणीने एकटीने काढायचा?”

“हफिजाभाभी,” काउंटरमागून आवाज आला, “कायदे लिहिणाऱ्यांना कळा येत नाहीत.”

बोलणाऱ्याने मान वर केली नव्हती. बोटं कीबोर्डवर चालूच होती. मला हसू आलं. साधंसुधं नाही, चांगलं खदखदून. कुवेतमधल्या महबूल्यातल्या, सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या त्या एवढ्याशा दुकानात तीन खुर्च्या होत्या, अकरा माणसं होती, आणि हसणारी मी एकटी. तेव्हा कुठे त्या माणसाने मान वर केली. चष्म्याच्या वरून पाहिलं. डोळे थकलेले… पण हसलं कोण, ते शोधणारे.

मी पदर तोंडाशी नेला. वय वर्षं सेहेचाळीस. पण काही सवयींना वय सांगितलेलं नसतं.

तर अशी आमची पहिली भेट. छत्री नाही, पाऊस नाही, कुणाचा रुमाल पडला नाही. बाहेर धुळीचं वादळ होतं, सकाळी अकरा वाजता आकाश तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं, आणि आत माणसं आपापल्या माणसांसाठी कागद करून घ्यायला उभी होती.

मी कुवेतला आले होते धाकट्या बहिणीच्या, प्रियांकाच्या बाळंतपणाला. आमची आई नाही. तिच्या नवऱ्याच्या, शैलेशच्या आईला प्रवास झेपत नाही. राहिले मी. कुडाळजवळच्या आमच्या गावात तान्ह्या पोरांना न्हाऊमाखू घालणं हा माझा धंदाच. शाळा आठवीला सुटली, पुढचं सगळं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर आणि ग्रामपंचायतीच्या वाचनालयात शिकले. त्यामुळे मला थोडं थोडं सगळं माहीत असतं आणि पुरतं काहीच नाही.

महिन्याची व्हिजिट होती. बाळ पहिल्या आठवड्यात येणार म्हणून आम्ही तारखा जुळवल्या. बाळाला तारखा कुणी सांगितल्या नव्हत्या. ते दहाव्या दिवशी आलं. मुलगी. आता माझ्या हातात उरलेले चौदा दिवस, आणि बाळंतीण अजून सहा दिवसांची. मुदत वाढवून घ्यायची होती. शैलेश मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत दिवसपाळीला गेलेला, दुकान आमच्याच इमारतीखाली, म्हणून पासपोर्टची पिशवी घेऊन मीच उतरले.

माझा नंबर आला.

“नातं?” त्याने विचारलं.

“कुणाशी?”

“ज्यांच्याकडे आलात त्यांच्याशी.”

“सख्खी बहीण.”

त्याने दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

“रत्नमाला सदानंद परब… प्रियांका शैलेश तावडे.” तो थांबला. “बाई, कागदावर या दोघी बसथांब्यावर ओळख झालेल्या वाटतात.”

“एका आईच्या आहोत हो!”

“मी मानतो. कचेरीत खिडकीवरच्या माणसाने मानायला पाहिजे. माहेरचं नाव?”

“राणे. वडील काशिनाथ.”

“आडनाव नव्हे. तुमचं नाव. शाळेच्या दाखल्यावरचं.”

हफिजाभाभी मागून डोकावत होती, शेजारच्या न्हाव्याच्या दुकानातला रेडिओ भिंतीतून ऐकू येत होता… आणि मला माझं नाव तोंडाने म्हणता येईना.

“शेवंती,” मी म्हणाले. कुणा दुसरीचंच असल्यासारखं.

लग्नात बदललं होतं ते. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने ‘रत्नमाला’ लिहिलं, आणि झालं. सासूबाईंच्या जावेचं नाव शेवंती होतं, एका घरात दोन शेवंत्या कशाला? लग्नाला बावीस वर्षं झाली. नवरा सहाच वर्षांत गेला. त्याने दिलेलं नाव मात्र राहिलं. जुनं परत मागायचं तर कुणाकडे, हेही कधी सुचलं नाही.

“शेवंती काशिनाथ राणे,” तो टाइप करता करता हळूच म्हणाला. नाव कागदावर उमटायच्या आधी चाखून बघावं तसं.

मी काउंटरवरच्या पेनांच्या डब्याकडे बघत राहिले. त्यात सात पेनं होती. दोन लाल.

मग त्याने समजावून सांगितलं. रत्नमाला आणि शेवंती ही एकच बाई आहे असं प्रतिज्ञापत्र गावाहून आणायचं, तहसीलच्या शिक्क्यानिशी. सोबत दोघींचे शाळेचे दाखले. मग अर्ज.

“आणि तो नवा कायदा?”

“अजून नुसता मसुदा आहे. तीन ग्रुपवर तीन मसुदे फिरतायत. एकात बहीण आहे, एकात नाही, एकात आईबाप आणि नवरा-बायको-मुलं सोडून कुणीच नाही. पण उशीर नका करू. बहीण कधी गळेल सांगता येत नाही.”

मी पिशवी उचलली. तेवढ्यात त्याच्या बोलण्यातला तो ‘गळेल’मधला हेल कानात अडकला.

“तुमी खंयचे?”

तो माणूस खुर्चीत सरळ झाला. वर्षानुवर्षं टायपिंगसाठी वाकलेली पाठ एकदम ताठ.

“शिरोड्याचो,” तो म्हणाला.

*

नाव दत्तप्रसाद. सगळा महबूला त्यांना दत्ताभाऊ म्हणायचा. तेवीस वर्षांपूर्वी स्टोअरकीपर म्हणून आले, कंपनी बुडाली, मग रात्रीच्या जेवणाच्या वेळात अरबी टायपिंग स्वतःचं स्वतः शिकले आणि या दुकानात नोकरीला लागले. लग्न नाही. तीन बहिणींची करून झाली तेव्हा यांच्यासाठी मुली बघणारं कुणी उरलं नव्हतं. पाच जणांबरोबर एका खोलीत राहायचे. हे सगळं मला आमच्याच मजल्यावरच्या हफिजाभाभीने लिफ्टमध्ये सांगितलं. दुसरा मजला येईपर्यंत. ती बोलायला तशी जलदच.

प्रतिज्ञापत्राचं काम माझ्या चुलतभावाकडे, रूपेशकडे दिलं होतं. तो रोज फोनवर सांगायचा, “आज साहेब नाहीत,” किंवा “आज साहेब आहेत पण शिक्का नाही.” आणि रूपेशने जे सांगितलं ते दुकानात जाऊन सांगणं मला भाग होतं. फोनवरही सांगता आलं असतं, म्हणा. पण आळिवाचे लाडू फोनवरून देता येत नाहीत.

“आज कोण आलंय?” ते चष्म्यावरून विचारायचे. “रत्नमालाबाई की शेवंतीबाई?”

“रत्नमाला. शेवंती वर दुपटी वाळत घालतेय.”

“मग तिचा लाडू कुठाय?”

“तिचाच आहे हा. रत्नमालेला लाडू वळता येत नाहीत.”

“बरं झालं सांगितलंत,” ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे. “प्रतिज्ञापत्रात घालायला पाहिजे.”

असं चालायचं. येणारे-जाणारे फॉर्म भरून न्यायचे, मी खुर्चीत बसून त्यांची नाती ऐकायची. पत्नी, पत्नी, मुलगा, पत्नी, आई. दिवसाला चाळीस-पन्नास नाती त्या माणसाच्या बोटांखालून जायची. मसुद्याच्या बातमीने गर्दी वाढली होती. प्रत्येकाला आपलं माणूस दार लागायच्या आत आणून घ्यायचं होतं. एकदा एक मद्रासी पोरगा होणाऱ्या बायकोसाठी विचारायला आला. दत्ताभाऊ त्याला म्हणाले, “‘होणारी’ला रकाना नाही, बाबा. आधी होऊ दे.” आणि मग उगाचच कागद सारखे करत बसले.

एक गोष्ट मी त्या दिवसांत बघितली. इथे माणूस माणसाला विचारतो, सुट्टीवर कधी जाणार? किती दिवस? काय नेणार? पण कायमचं कधी जाणार, हे कुणी विचारत नाही. दुखऱ्या गुडघ्याला जसा कुणी हात लावत नाही तसं. सगळे त्या प्रश्नाला वळसा घालून चालतात.

सातव्या का आठव्या भेटीत… म्हणजे चौथ्याच दिवशी, दिवसातून दोनदा जात होते मी, खोटं कशाला बोलू… त्यांनी खालचा खण उघडून स्टेपलरच्या पिना शोधल्या. पिनांच्या खाली एक फॉर्म होता. कडा पिवळ्या. टाइप केलेला, सही केलेला, तारखेची जागा तेवढी कोरी.

“कुणाचा राहिला?”

“आईचा,” ते म्हणाले.

माझी नजर तारखेच्या कोऱ्या जागेवर गेली.

“व्हिजिट बंद होत्या तेव्हा करून ठेवलेला. म्हटलं, सुरू झाल्या की पहिला नंबर आपला. आपलंच दुकान.” ते हसले, पण हसणं ओठांतच राहिलं. “सुरू झाल्या. तोवर आई नव्हती. आणि असती तरी, बोलावणाऱ्याला पगाराची अट असते ना… मी त्या अटीच्या खाली. सगळ्यांना सांगतो, साहेब, अट बघा, अट बघा. आपली आपणच बघायची विसरलो होतो.”

पिना सापडल्या. खण बंद झाला. मी लाडवाचा डबा त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो घेतला तेव्हा बोटं क्षणभर तिथेच राहिली… डब्यावर, माझ्या बोटांशेजारी. शिवली नाहीत. पण सरकलीही नाहीत.

त्या दिवसापासून माझ्या तोंडातून ‘दत्ताभाऊ’ येईनासं झालं. ‘दत्ता’वर जीभ अडखळायची आणि ‘भाऊ’ तर बाहेरच पडायचं नाही. मग मी त्यांना काहीच म्हणेना. “अहो, ऐकलंत का,” एवढंच.

हफिजाभाभीच्या लगेच लक्षात आलं. “काय गं बाय,” ती जिन्यात माझ्या कमरेला चिमटा काढत म्हणाली, “अख्ख्या महबूल्याचा भाऊ, तुझा एकटीचाच नाही?”

“आजकाल दमते मी,” मी म्हणाले. “पूर्ण नाव घ्यायला दम पुरत नाही.”

“हां, हां. दम.” ती आपल्या दारात शिरेपर्यंत हसत होती.

*

बारसं घरातल्या घरात झालं. पाळणा नव्हता, म्हणून शैलेशने माझी प्रवासी बॅग उघडून तिच्यात दुलई घातली. मी बाळाला ओवाळलं. नाव ठेवलं स्वरा. जन्माच्या दाखल्याचा टाइप केलेला अर्ज घेऊन दत्तप्रसाद आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात खजुराचा डबा.

“हिचं नाव लग्नात कुणी बदलायचं नाही,” मी बाळाच्या कानात म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“पक्कं टाइप केलंय मी,” ते म्हणाले. “खोडलं तर कागद फाटेल.”

प्रियांका माझ्याकडे बघत होती. मग त्यांच्याकडे. मग परत माझ्याकडे. मी तिला तिच्या जन्मापासून ओळखते. तिला काहीतरी म्हणायचं होतं. ती म्हणाली, “ताई, चहा टाकते.” बाराव्या दिवसाची बाळंतीण चहा टाकते म्हणाली, म्हणजे बघा.

पाच दिवस उरले तेव्हा शैलेशचा धीर सुटला. रूपेशचे साहेब अजून शिक्का शोधत होते. शैलेश मला घेऊन तडक दुकानात गेला.

“दत्ताभाऊ, सगळ्या मसुद्यांत आईबाप आहेत. हो की नाही? मग ताईला सासू करा माझी. नाहीतरी ताईनेच वाढवलंय प्रियांकाला. आईच की!”

“शैलेश,” ते म्हणाले, “एवढ्या वर्षांत एकही खोटं नातं टाइप केलेलं नाही मी. पकडलं गेलं तर दुकान जाईल. माझा इकामा जाईल.” इकामा म्हणजे इथे राहायची परवानगी, माणसाचा अर्धा जीव.

“मग जाऊ दे ताईला पाच दिवसांत? प्रियांका एकटी, माझी शिफ्ट…”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावरून नाही, चष्म्यातून, सरळ. मग खुर्ची पुढे ओढली, माझा फॉर्म उघडला आणि नात्याच्या रकान्यावर बोटं ठेवली. पहिलं अक्षर उमटलंसुद्धा.

कुणी माझ्यासाठी फुलं आणली असती, गाणं म्हटलं असतं, तर मी हसून सोडून दिलं असतं. हा माणूस माझ्यासाठी आपलं एवढ्या वर्षांचं खरेपण खोडायला बसला होता.

“थांबा,” मी म्हणाले. “प्रियांका चौतीसची. मी सेहेचाळीसची. बाराव्या वर्षी मुलगी झाली म्हणून सांगणार आहात का खिडकीवर?”

“हिशेब बघतो कोण,” शैलेश म्हणाला.

“आणि दुसरं असं…” मी काउंटरवर हात टेकला. पेनांच्या डब्याशी बोलले. “तुम्ही मला आज शैलेशची सासू केलंत, तर पुढचं सगळंच अवघड होऊन बसेल.”

शैलेशने एसीकडे बघितलं, जणू तो दुरुस्त करायला आला होता. दत्तप्रसादांचे कान लाल झाले. नुसते कान. बाकीचा चेहरा कामात असल्यासारखा.

त्यांनी एक बटण दाबलं. उमटलेलं अक्षर पुसलं गेलं.

“बहीणच ठेवतो,” ते म्हणाले. “तुमच्या बहिणीची बहीण.”

*

प्रतिज्ञापत्र आलं. तीन दिवस उरले असताना. ‘रत्नमाला सदानंद परब आणि शेवंती काशिनाथ राणे ही एकच व्यक्ती होय,’ असं त्यावर लिहिलेलं, गोल शिक्का थोडा तिरका. मी ते चारदा वाचलं. मला सरकारने सांगितलं होतं की मी एकच आहे. बरं वाटलं.

दत्तप्रसादांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. कचेरीत अरबी बोलायला कुणीतरी हवं, असं त्यांनी मालकाला सांगितलं. ते खरंच होतं.

टॅक्सीतून उतरलो तेव्हा पाऊस आला. इथला पाऊस म्हणजे हवेतली धूळ ओली होऊन खाली येते. चिखलाचे थेंब. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी ठिपके पडले. मी पदराने पुसायला गेले आणि ठिपक्याचा ओघळ झाला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “आठवण राहील.”

“डाग आहे तो.”

“तेच म्हणतोय.”

खिडकीवर एक तरुण बाई होती. हातावर मेंदी. तिने सगळे कागद वाचले, प्रतिज्ञापत्र उलटसुलट केलं, माझ्याकडे पाहून थोडी हसली, आणि मग बराच वेळ बोलली. दत्तप्रसाद ऐकत राहिले. माझ्याकडे वळून म्हणाले, “नाही होणार.”

“ती इतकं बोलली. तुम्ही दोनच शब्द सांगितलेत.”

“बाकीचं वाईट वाटल्याचं होतं.”

निर्णय होईपर्यंत मुदतवाढ थांबवलेली होती. मसुदा अजून मसुदाच होता, कुणी सही केली नव्हती. पण पाऊस येणार म्हटल्यावर माणूस आधीच पापड आत घेतो, तसं त्या खिडकीने आम्हाला आत घेणं बंद केलं होतं. कागद बरोबर होते. मी एकच व्यक्ती होते. उशीर झाला होता, एवढंच.

परतताना टॅक्सीत आमच्यामध्ये कागदांची पिशवी होती. काचेवर चिखल, वायपर नुसता तो इकडचा तिकडे करत होता. बाहेर सगळं तपकिरी. रस्ते, इमारती, समुद्रसुद्धा.

“बायकोचा रकाना,” ते काचेकडे बघत म्हणाले, “तिन्ही मसुद्यांत आहे.”

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

“पण त्याच्या शेजारी पगाराचा रकाना असतो. तोही तिन्ही मसुद्यांत आहे.” त्यांनी चष्मा सारखा केला. “म्हणून मी विचारत नाही. तुम्हाला असं वाटायला नको, की… की विचारायचं नव्हतं.”

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. आमच्यामध्ये आता काही नव्हतं. तरी दोघंही आपापल्या काचेला टेकून बसलो, महबूला येईपर्यंत.

*

शनिवारी माझं विमान. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, प्रियांकाने त्यांना जेवायला बोलावलं. हफिजाभाभी खिमा घेऊन आपणहून आली. मी गेल्यावर बाळाला न्हाऊ घालायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. तेलाचा हात कसा फिरवायचा ते मी तिला सकाळीच दाखवलं.

मी झुबैदी केली होती. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट, इथे त्याला तेवढा मान आहे. गावाहून आणलेल्या आमसुलांची शेवटची सोलकढी. कोपऱ्यात माझी बॅग भरून उभी. आठ दिवसांपूर्वी तीच पाळणा होती.

सगळे बोलत होते. जेवताना इतकं बोलणं मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

“वर्षभराचा प्रश्न आहे, ताई,” शैलेश म्हणाला. “तोवर मसुद्याचं काय ते ठरेल. मग परत अर्ज टाकू.”

“नाहीतर दुबईला भेटा,” हफिजाभाभी म्हणाली. “दुबईला लवकर मिळतो व्हिसा. माझी नणंद गेली होती.”

“रोज व्हिडिओ कॉल करायचा,” प्रियांका म्हणाली. “सगळ्यांनी. हो ना, दत्ताभाऊ?”

“हो,” ते म्हणाले. ते काटे काढत होते. पापलेटाला इतके काटे नसतात. “मालक पगार वाढवतो म्हणालाय. वाढला तर अटीच्या जवळ जाईन.”

“बघा!” शैलेश म्हणाला. “कधी म्हणाला?”

“चार वर्षांपूर्वी.”

वाटीत चमचा वाजला. बाहेर परत धूळ उठली होती, खिडकी पिवळट झाली होती, आणि दुपारी दीड वाजता प्रियांकाने दिवा लावला.

मी सगळ्यांकडे बघितलं. किती मायेची माणसं. मला इथे कसं आणायचं, कसं ठेवायचं, कुठल्या फटीतून आत घ्यायचं, यासाठी दोन आठवडे डोकं शिणवत होती. एका बाईसाठी त्यांनी अख्खा कायदा उलटापालटा करून बघितला. पण विमान दोन्ही बाजूंनी जातं, हे एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. का ते मला कळत होतं. शैलेशने ते दत्तप्रसादांना सांगितलं असतं, तर रात्री त्याला ते स्वतःलाही सांगावं लागलं असतं. हफिजाभाभीला आपल्या मुलाला सांगावं लागलं असतं. आणि दत्तप्रसादांना तर… एवढ्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

“कुडाळच्या तहसीलबाहेर,” मी भात कालवत म्हणाले, “फॉर्म भरून देणारे दोघंच बसतात.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“दोघांचंही अक्षर वाईट. माझं प्रतिज्ञापत्र रूपेशला तीनदा करून घ्यावं लागलं. दिवस त्यातच गेले.”

“मग?” शैलेशने विचारलं.

“मग काही नाही. माहिती दिली.”

दत्तप्रसादांचा हात ताटात थांबला. प्रियांकाने स्वराला उगाच छातीशी घेतलं, ती तर झोपली होती.

“शेवंती,” ते म्हणाले. सगळ्यांदेखत, पहिल्यांदाच, बाई न लावता. “गावच्या घरात माझ्या खोलयेत भावान काजूच्ये गोणी ठेवल्यान हत.”

“माझ्या घरात नाहीत.”

“तेवीस वर्षांनी…” ते परत पुस्तकी भाषेत गेले, तिथे त्यांना आडोसा मिळायचा. “मी गावातून गेलो तेव्हा सव्वीसचा होतो. एवढी वर्षं बाहेर राहून हात हलवत परत आलेल्या माणसाला गाव काय म्हणतं, माहीत आहे ना तुम्हाला?”

“सोळा वर्षं मला म्हणतंय की,” मी म्हणाले. “विधवा असून पोरांना न्हाऊ घालते, विधवा असून मोठ्याने हसते. हळूहळू ऐकू येईनासं होतं. तुम्हालाही होईल.”

ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. तोच शर्ट होता. धुतलेला, पण तो तपकिरी ओघळ तसाच, मी पदराने लांबवलेला.

शैलेश ताटाकडे बघत होता. हफिजाभाभी ओढणीचं टोक दातात धरून बसली होती. कुणीतरी काहीतरी बोलेल, विषय बदलेल, अजून थोडी सोलकढी वाढेल, म्हणून मी थोडं थांबले. कुणी वाढली नाही.

मी हात धुतले, पुसले, आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.

“तुमका दुसरा कोण सांगूचा नाय, म्हणान मी सांगतंय,” मी म्हणाले. “दत्तप्रसाद… आता घराक चला.”